कळलावी पहिल्या वर्षी फुलते, दुसऱ्या वर्षी उगवतच नाही

मृगाचा पाऊस पडून तीन-चार आठवडे झाले की मला ठरलेला निरोप येतो. "गेल्या पावसाळ्यात कळलावी इतकी फुलली होती की रस्त्याने जाणारी माणसे थांबून बघायची. यंदा कुंडीत नुसती माती आहे. कंद मेला का?" सोबत रिकाम्या कुंडीचा फोटो. विचारणारे दरवेळी वेगळे, प्रश्न तोच. आणि चूक जूनमध्ये क्वचितच झालेली असते. ती आधीच्या सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत कधीतरी झालेली असते. म्हणून सगळे एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आज तुमची कुंडी रिकामी दिसत असेल तर पहिली विनंती एकच: खुरपे लावू नका. कळलावी गेल्या वर्षीच्या जागेवर उगवत नाही. जुन्या वेलीच्या बुंध्यापासून वीतभर लांब, कधी कुंडीच्या अगदी कडेला तिचा कोंब येतो. तो पेन्सिलीसारखा टोकदार आणि काकडीसारखा कडकन मोडणारा असतो. आपण बुंध्याच्या जागी उकरत बसतो आणि नेमका शेजारून वर येणारा कोंब तोडतो. तो तुटला की त्या कंदाचे ते वर्ष बहुतेक वाया जाते. तेव्हा माती नुसती ओलसर ठेवा, कुंडी उजेडात ठेवा आणि जुलै संपेपर्यंत थांबा. तोवर काहीच आले नाही तर कुंडी गोणपाटावर हळूच आडवी करून मातीचा अख्खा गोळा बाहेर काढा आणि हाताने, हातमोजे घालून, माती मोकळी करा. कंद टणक आणि आतून पांढरा असेल तर तो जिवंत आहे. मऊ, तपकिरी, वास येणारा असेल तर कुजला. काहीच सापडले नाही, फक्त कागदासारखे पोकळ टरफल मिळाले, तर त्याचा अर्थ वेगळा आहे. त्याकडे पुढे येतो.

कंद समजला की निम्मा प्रश्न सुटतो. संस्कृतात कळलावीला लांगली म्हणतात. लांगल म्हणजे नांगर. कंद हातात घेतला की नाव कशावरून पडले ते लगेच कळते: दोन फाटे कोनात जोडलेले, इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखे, थेट नांगराचा आकार. बटाट्याला अंगभर डोळे असतात. कळलावीच्या कंदाला प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो. म्हणजे पूर्ण कंदाला डोळे दोनच. टोक तुटले की उरलेला फाटा कितीही जाडजूड असो, त्यातून वेल येत नाही. आमच्या भागातल्या एका रोपवाटिकेतून मी एकदा सहा कंद घेतले होते. पिशवीत खडखडत आलेल्या त्या कंदांपैकी चारांची टोके मोडलेली होती. मला तेव्हा हे ठाऊक नव्हते. मी सगळे लावले, दोनच उगवले आणि दोन महिने मी मातीला दोष देत राहिलो. आता कंद घेताना मी आकार नंतर बघतो, टोके आधी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा कंद वर्षभरच जगतो. जूनमध्ये लावलेला कंद वेल वाढवण्यात आपली सगळी साठवण खर्च करतो आणि सुकून टरफल होतो. वेल हिरवी असताना, विशेषतः फुले सरत आल्यानंतर, ती त्याच्याजवळ नवा नांगर घडवते. पुढच्या वर्षी जे उगवते ते या नव्या कंदातून. वर म्हटलेले पोकळ टरफल एकटेच सापडले, तर जुना कंद संपला आणि नवा तयारच झाला नाही किंवा तयार होऊन कुजला, असा त्याचा अर्थ. नवा डोळा फाट्याच्या टोकाला असल्यामुळेच वेल दरवर्षी जागा बदलते आणि एका कंदाच्या जागी दोन वेली दिसू लागतात.

आता नेमके काय बिघडते ते.

सर्वांत जास्त नुकसान होते ते वेल हिरवी असताना छाटल्यामुळे. फुलांचा बहर जुलै ते सप्टेंबर. गणपती-गौरी होतात, फुले आटोपतात, पाने टोकाकडून पिवळी पडू लागतात, वेल विस्कटलेली दिसते. दिवाळीच्या आधी बाल्कनी आवरताना ती बुडापासून कापली जाते. पण नवा कंद भरण्याचे दिवस नेमके तेच. कापल्यावर कंद जेमतेम करंगळीएवढा राहतो, आणि पुढच्या वर्षी एक तर उगवत नाही किंवा हातभर वेल येऊन फुलाविना थांबते. वेल पूर्ण वाळून गवताच्या काडीसारखी होईपर्यंत तिला हात लावू नका. दिसायला बरी वाटत नसेल तर कुंडी मागे सरकवा.

त्याखालोखाल नुकसान पाण्याने होते. वेल वाळली की कंद झोपतो, आणि झोपेत त्याला पाणी नको असते. आपण मात्र शेजारच्या गुलाबाला, तुळशीला घालतो तसे सवयीने तिच्या कुंडीतही तांब्याभर पाणी घालत राहतो, किंवा ठिबकची नळी तिथे तशीच चालू राहते. नोव्हेंबर ते मे रोज ओल्या राहिलेल्या मातीत कंद बुरशीने कुजतो. "माझी कळलावी हिवाळ्यात मेली" असे सांगणाऱ्याला मी विचारतो की पाणी कधी बंद केलेत. उत्तर बहुतेक "बंद नाही केले, पण कमी केले" असे असते. कमी करून भागत नाही. पाने पिवळी पडू लागली की पाणी उतरवत न्यायचे आणि वेल वाळली की थांबवायचे.

कोकणात, गोव्यात ती रानात, गडग्यांवर म्हणजे दगडी बांधांवर, काटेरी कुंपणांत आपोआप वाढते ती याच गणितावर. चार महिने धो धो पाऊस, पण तांबडी माती आणि जांभ्याचा उतार यांत पाणी थांबत नाही. मग आठ महिने कोरडे. माझ्या गावी सिंधुदुर्गात घराच्या मागच्या गडग्यात दरवर्षी ती येते आणि तिला कोणी कधी पाणी घातलेले नाही. तीच वेल सोलापूर-परभणीकडच्या काळ्या चिकण जमिनीत लावली की पावसाळ्यातच कुजते, कारण ती माती पाणी धरून ठेवते. काळी माती असेल तर जमिनीत लावण्याचा हट्ट सोडा. कुंडीत किंवा वाफा फूटभर उंच करून लावा. माझे मिश्रण: दोन भाग तांबडी माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. कच्चे शेणखत नको, त्यात कंद सडतो. कुंडी निदान बारा इंच खोल हवी आणि खालची भोके खरोखर मोकळी हवीत. पुण्यात बोअरचे जड पाणी सतत घालून माती अल्कधर्मी झाली की नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. अशा वेळी खत वाढवून उपयोग नाही, माती बदला आणि जमेल तेव्हा पावसाचे पाणी द्या.

तिसरे कारण म्हणजे कंद काढताना टोक मोडणे. नवे फाटे खाली आणि बाजूला जातात, कुंडीच्या तळाला टेकून वळतात. खुरप्याचा पहिला घाव नेमका डोळ्यावर बसतो. म्हणून कुंडी पालथी करायची, उकरायची नाही.

खरे तर कंद काढायलाच हवा असे नाही. कुंडी पावसाच्या आणि नळाच्या पाण्यापासून दूर, सावलीत, कोरडी ठेवता येत असेल तर तसाच राहू द्या. मी माझ्या निम्म्या कुंड्या जिन्याखाली सरकवतो आणि त्यांवर चुन्याने "पाणी नको" असे लिहितो, म्हणजे घरातले कोणी प्रेमाने पाणी घालत नाही. अवकाळी पावसाची भीती असेल किंवा कुंडी दुसऱ्या झाडाला हवी असेल तरच कंद काढा. वेल वाळून दोन-तीन आठवडे झाल्यावर काढायचे, धुवायचे नाहीत, माती नुसती झटकायची. दोन दिवस सावलीत सुकवून कोरड्या वाळूत किंवा कोरड्या कोकोपीटमध्ये, एकमेकांना टेकणार नाहीत असे पुरून ठेवायचे. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो आणि बुरशी येते. फ्रीजमध्ये तर अजिबात नको. ही उष्ण प्रदेशातली वेल आहे, शिवाय फ्रीज ही खाण्याच्या वस्तूंची जागा आहे. त्याचे कारण पुढे सांगतो.

दोन फाटे वेगळे करायचे असतील तर ते याच झोपेच्या काळात, जोडावर अलगद मोडून करावे. प्रत्येकाला आपापला डोळा असला पाहिजे. मोडलेली जागा दोन-तीन दिवस सुकू द्यावी.

मेच्या शेवटी वळीव पडला, हवेत दमटपणा आला की डोळा फुगतो, टोक पांढरट-गुलाबी दिसते. लावायची वेळ ती. डोळा न फुगलेला कंद घाईने ओल्या मातीत घातला तर तो उगवण्याआधी कुजण्याचीच शक्यता जास्त. अशा कंदाला किंचित ओलसर वाळूत ठेवून आठवडाभराने बघत राहा. लावताना कंद आडवा ठेवायचा, डोळ्याचे टोक किंचित वर, वर पाच ते सात सेंटिमीटर माती. शेतात लावणारे कंद लावण्याआधी बुरशीनाशकात बुडवून घेतात. कुंडीत मी राखेत घोळवतो आणि निचरा नीट ठेवतो, मला तेवढे पुरते. कोंब वर आला की पहिले पंधरा दिवस रात्री बॅटरी घेऊन गोगलगाई बघा. एका रात्रीत त्या कोंब खाऊन टाकतात आणि सकाळी आपल्याला वाटते की कंद उगवलाच नाही.

आता, उगवते पण फुलत नाही, ही दुसरी तक्रार. बहुतेक वेळा कंद लहान असतो. शेतात लावणारे शेतकरी पन्नास-साठ ग्रॅमच्या वरचे कंद निवडतात आणि त्याला कारण आहे. बियांपासून केलेले रोप तर फुलायला तीन-चार वर्षे घेते. बी रुजायलाच कधी तीन आठवडे, कधी तीन महिने लागतात. लहान कंदाला एक पावसाळा नुसता वाढू द्या, तो पुढच्या वर्षी दाम दुप्पट करून देईल. ऊन हेही कारण असते. निम्मा दिवस तरी ऊन हवे, बुंधा सावलीत असला तर उत्तमच. आणि आधार. कळलावीला वेगळे तणावे नसतात, पानाचे टोकच वळून बारीक वेटोळे होते आणि ते आधार धरते. जाड बांबू त्या वेटोळ्यात मावत नाही. वेल घसरते, लोळते, कोलमडते. काटक्या, सुतळी, बारीक तारेची जाळी द्या, आणि तीही कोंब हातभर होण्याआधी. नंतर बांधायला गेलात तर खोड मोडते.

फुलाचा रंग बदलतो त्याने घाबरू नका. कळी हिरवी, उमलताना पाकळ्या बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल, मग सगळे फूल शेंदरी, शेवटी गडद लाल. सहा पाकळ्या नागमोडी काठाच्या, ज्वाळांसारख्या मागे वळलेल्या. अग्निशिखा हे नाव त्यावरूनच.

शेंगा धरत नाहीत असे विचारणारे बियांसाठी विचारतात. फूल नीट बघा: सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच काटकोनात वळून भलतीकडे गेलेली. फुलाचे परागकण स्वतःच्याच कुक्षीवर पडू नयेत अशी ही रचना आहे. रानात फुलपाखरे आणि शिंजीर हे काम करतात, सहाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते येतीलच असे नाही. सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान मऊ कुंचल्याने पराग उचलून दुसऱ्या वेलीच्या फुलाच्या कुक्षीवर लावा. तमिळनाडूत करूर, दिंडीगुल, तिरुप्पूर जिल्ह्यांत, मूलनूर-धारापुरमच्या बाजूला, एकरच्या एकर कळलावी लावतात आणि तिथे हे काम मजूर हाताने करतात. तिथले पीक बियांसाठीच असते, औषधी कंपन्या त्यांतून कोल्चिसिन हे औषधात वापरले जाणारे विषारी द्रव्य काढतात. या फुलाला तमिळमध्ये सेंगांदळ म्हणतात आणि ते तमिळनाडूचे राज्यफूल आहे. तुम्हाला बिया नको असतील तर शेंगा खुडून टाका, मी तसेच करतो. वेलीची ताकद कंदात जाते आणि मूळ तक्रार, पुढच्या वर्षी न उगवण्याची, तीही कमी होते.

अळ्यांबद्दल थोडक्यात: काळ्या अंगावर पांढरे ठिपके आणि लालसर डाग असलेल्या अळ्या घोळक्याने पाने फस्त करतात. ही लिलीवरची अळी. शेजारी लिलीच्या कुंड्या असतील तर तिथेही बघा. हातमोजे घालून वेचा, रोज सकाळी, आठवडाभर. जास्त असतील तर संध्याकाळी निंबोळी अर्क फवारा. पाने गेली तर कंद भरणार नाही, म्हणून ऑगस्टमध्ये आळस नको.

आता ज्यासाठी मी सगळ्यांना थांबवून ऐकायला लावतो ते. कळलावी विषारी आहे, सर्वांगाने, आणि सर्वांत जास्त कंदात आणि बियांत. आयुर्वेदाने लांगलीला उपविषांत धरले आहे आणि वैद्य ती गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. कळलावी नावाचाच उगम बघा: बाळंतीण अडली की कळा याव्यात म्हणून कंद उगाळून बेंबीवर, तळपायांवर लेप देत आणि मूल झाले की लगेच धुऊन काढत. पानांचा रस उवांसाठी डोक्याला लावत, कंदाचा लेप त्वचेच्या दुखण्यांवर, विंचू चावल्यावर. माझ्या आजीला हे सगळे माहीत होते आणि तरी वेलीला हात लावल्यावर ती राख लावून हात धुवायची आणि आम्हा मुलांना गडग्याजवळ फिरकू द्यायची नाही. घरात ही फुले आणली की भांडणे होतात, असेही ती म्हणायची. कळ लावणे याचा तो दुसरा अर्थ. मला वाटते, पोरांना विषापासून लांब ठेवायला त्या समजुतीचा मोठा उपयोग झाला असणार.

यातला कोणताही उपाय घरी करू नका. गरोदरपणात तर तिचा विचारही नको. आधुनिक वैद्यक संधिरक्तात म्हणजे गाऊटमध्ये कोल्चिसिन देते, पण मिलिग्रॅमच्या अंशात मोजून, आणि तिथेही उपकारक मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. कंदाच्या तुकड्यात ते किती आहे हे घरी मोजता येत नाही. उकडल्याने विष जात नाही. रताळे किंवा रानातला कंद समजून उकडून खाल्ल्याने भारतात आणि श्रीलंकेत माणसे दगावली आहेत. म्हणूनच फ्रीज नको, स्वयंपाकघर नको, सुरण-करांद्यांच्या टोपलीजवळ तर नकोच. वाळूच्या डब्यावर ठळक अक्षरांत "विषारी, खायचे नाही" असे लिहा आणि डबा उंच, कुलुपात ठेवा. घरात रांगणारे मूल किंवा माती उकरणारा कुत्रा असेल तर ही वेल आता लावू नका. मूल मोठे होऊ द्या.

चुकून खाल्ले गेले तर पहिले काही तास काहीच जाणवत नाही आणि तिथेच लोक फसतात. मग उलट्या, जुलाब, पोटात पीळ. नंतरच्या दिवसांत मूत्रपिंड, हृदय आणि रक्त तयार करणारी मज्जा यांवर घाला. लक्षणांची वाट न बघता, उरलेला तुकडा किंवा वेलीचा फोटो बरोबर घेऊन, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

नावाचा आणखी एक घोळ आहे. काही ठिकाणी कळलावीला बचनाग किंवा खड्यानाग म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानातला बचनाग म्हणजे हिमालयातला वत्सनाभ. ती वेगळी वनस्पती आहे आणि तीही जहाल विषारी. नावावर विसंबून दोन्हींपैकी काहीही विकत घेऊ नका.

कंद कुठून आणायचा हेही विचारले जाते. डोंगरातून खणून आणू नका. औषधासाठी खणून खणून ती बऱ्याच ठिकाणी विरळ झाली आहे, आणि फुलावर असताना उपटलेली वेल तशीही जगत नाही, कारण जुना कंद संपत आलेला असतो आणि नवा भरलेला नसतो. ज्यांच्याकडे फुलते आहे त्यांना हिवाळ्यात एक फाटा मागा. माझ्याकडचे कंद जानेवारीत निघतात, टोके शाबूत असलेले दोन-तीन दरवर्षी जास्त होतात.

कुजलेला कंद निघाला असेल तर तो खताच्या ढिगात टाकू नका. खोल खड्ड्यात पुरा. त्या कुंडीची माती आठ-दहा दिवस कडक उन्हात पसरून ठेवा आणि त्यात या वर्षी कळलावी नको, झेंडू लावा.